रक्तातली नोंद

दिवाळीची झाडलोट निघाली की कपाटाच्या तळाशी दडलेले कागद वर येतात. नांदेडच्या एका वाचक भगिनींना यंदा असाच एक कागद सापडला. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलाचे रक्त तपासून घेतले होते. कोरोनाची प्रतिपिंडे, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्यांना अँटिबॉडी म्हणतात ती, त्यात ‘आढळली’ असा शेरा आहे. मुलगा तर त्या साली एक दिवसही अंथरुणावर पडला नव्हता! तेव्हा हा कागद जपावा की रद्दीत घालावा, असे त्या विचारतात. लातूरहून आलेल्या दुसऱ्या पत्रात तीच शंका उलट बाजूने आहे. घरातल्या चौघांना कोरोना झाला, धाकट्या मुलीच्या कागदावर मात्र ‘आढळली नाहीत’, हे कसे?

वाचकहो, दोन्ही कागद खरे असू शकतात.

रोगाचा विषाणू अंगात शिरला की शरीर त्याला ओळखणारी प्रतिपिंडे तयार करते. त्याला एक-दोन आठवडे लागतात. म्हणजे ही तपासणी आज रोग आहे का ते सांगत नाही. येऊन गेला का, एवढेच सांगते. नाकातल्या बोळ्याची तपासणी वेगळी आणि ही वेगळी, हे त्या धांदलीत पुष्कळांच्या ध्यानात आले नाही. तपासणीची रीत मात्र मोठी सुबक आहे. आपल्या आप्पेपात्रासारखी, पण बोटभरही खोल नसलेल्या ९६ खळग्यांची प्लास्टिकची ताटली असते. खळग्यांच्या तळाशी विषाणूचे तुकडे चिकटवून ठेवतात. त्यांवर रक्तातले पाणी घातले की प्रतिपिंडे असल्यास ती तुकड्यांना घट्ट धरून बसतात, आणि मग रसायने घातली की खळगा रंगतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने अशी देशी तपासणी २०२० च्या मे महिन्यातच सिद्ध केली आणि तिला ‘कवच’ असे नाव दिले.

नाव छान, पण थोडे फसवे. प्रतिपिंडे आढळली म्हणजे मुलाच्या अंगावर कवच चढले आणि आता त्याला पुन्हा काही होणार नाही, असे मुळीच नाही. २०२२ च्या आरंभी ओमायक्रॉन आला तेव्हा अशा कित्येकांना पुन्हा लागण झाली. उलट प्रतिपिंडे काही महिन्यांनी ओसरतात, क्वचित कोणाच्या रक्तात ती पुरेशी उठतच नाहीत. म्हणून लातूरच्या मुलीला लागण झालीच नव्हती असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. तान्ह्या बाळाची गंमत निराळीच. वारेतून आईची प्रतिपिंडे बाळाकडे येतात आणि काही महिने टिकतात. तेव्हा बाळाच्या रक्तात जे दिसते ते पुष्कळदा आईचे दुखणे असते किंवा आईने घेतलेली लस!

तात्पर्य, एकट्या मुलाच्या त्या कागदाला आज काही मोल नाही. रद्दीत खुशाल घालावा.

पण हजारो मुलांचे असे कागद एकत्र मांडले की गोष्ट बदलते, आणि यात नांदेडचा वाटा आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशातले ७० जिल्हे निवडून रक्ताची पाहणी केली. महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यांत होते: नांदेड, परभणी, बीड, जळगाव, सांगली आणि तेव्हाचा अहमदनगर. जिल्ह्यातली दहा गावे वा वॉर्ड घ्यायचे आणि प्रत्येक ठिकाणी चाळीसेक माणसांचे रक्त. २०२० च्या मे-जूनमधल्या पहिल्या फेरीत फक्त प्रौढ होते आणि शंभरांत एकालाही प्रतिपिंडे नव्हती. ऑगस्टपासूनच्या दुसऱ्या फेरीत दहा वर्षांवरची मुले आली. २०२१ च्या जून-जुलैतल्या चौथ्या फेरीत सहा वर्षांवरची सर्वच आली. १७ वर्षांपर्यंतची ८,६९१ मुले त्यात होती. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्यांत ६१.६ टक्के मुलांना प्रतिपिंडे निघाली. सगळ्या वयांचा मिळून आकडा ६७.६ होता. मोठ्यांपैकी काहींनी लस घेतली होती. या पोरांना तर लस मिळालेलीच नव्हती. मुंबईत महापालिकेने त्याच सुमारास मुलांचे २,१७६ नमुने तपासले, तेथेही निम्म्याहून किंचित अधिक निघाली.

लातूरकर म्हणतील, आमचे काय? लातूर त्या यादीत नव्हते. त्याला खेटून असलेले नांदेड, परभणी आणि बीड हे तिन्ही होते. पण शेजाऱ्याच्या आकड्यावरून आपला आकडा काढू नये, हे बरे. पाहणी देशाचा अंदाज घेण्यासाठी होती आणि प्रांताप्रांतांत फरक मोठा निघाला: मध्य प्रदेशात ७९ टक्के, महाराष्ट्रात ५८, केरळात जेमतेम ४४.

त्या उन्हाळ्यात घरोघर एकच भीती होती, ती आठवते ना? तिसरी लाट येणार आणि ती मुलांवर येणार! राज्य सरकारने मुलांच्या डॉक्टरांचे स्वतंत्र कृती दलही नेमले. तयारी केली ते योग्यच झाले. पण रक्ताने जुलैत सांगितले ते असे, की विषाणू मुलांपर्यंत केव्हाच पोचला आहे आणि बहुतेकांना तो चाटून गेला, घरच्यांना पत्ताही लागला नाही. याच पाहणीचे निष्कर्ष मांडताना परिषदेचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिक उघडाव्यात, असे म्हटले. आपल्याकडे झाले उलटे. ४ ऑक्टोबरला शहरांत आठवीपासूनचे आणि खेड्यांत पाचवीपासूनचे वर्ग भरले. पहिलीची पाळी १ डिसेंबरला आली, आणि काही मोठ्या शहरांत त्याहूनही उशिरा. ज्यांना अक्षर गिरवायला शिकवावे लागते, ज्यांच्या घरी फोन एकच आणि तोही बापाच्या खिशात, तीच मुले सर्वांत जास्त दिवस घरी राहिली. आमच्या मते हा निर्णय चुकला. मोठ्यांच्या शिकवण्यांची काळजी आपण वाहिली, बाराखडीची कोणी वाहिली नाही.

आता एक गोष्ट, जिथे एकट्या मुलाच्या तपासणीलाही अर्थ असतो. कोरोना होऊन गेल्यावर, बहुधा दोन ते सहा आठवड्यांनी, क्वचित एखाद्या मुलाचे शरीर स्वतःवरच भडकते. तीन-चार दिवस न उतरणारा ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ, पोटात कळा, उलट्या; आणि मग रक्तदाब खाली जातो, हृदयाला सूज येते. २०२० च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी हे प्रथम ओळखले. आईबापांना कोरोना आठवतही नसतो, कारण मूल आजारी पडलेलेच नसते. अशा वेळी प्रतिपिंडे हाच मागचा पुरावा असे. आज बहुतेक मुलांच्या रक्तात ती सापडणार, त्यामुळे नुसत्या त्या पुराव्यावर विसंबता येत नाही. हृदयाची सोनोग्राफी आणि रक्तातली सूज पाहावीच लागते. हा विकार आता पूर्वीपेक्षा विरळा झाला आहे. तरी अशी लक्षणे दिसली तर डेंग्यू असेल, टायफॉइड असेल म्हणत घरी बसू नये, मुलांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुले बरी होतात. उपचारात स्टिरॉइड असते आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. हे दुसरे औषध म्हणजे शेकडो-हजारो रक्तदात्यांची प्रतिपिंडेच असतात. ती अंगात गेली की मुलाची कोणती आणि परक्याची कोणती हे कळेनासे होते. म्हणून तपासणीचे रक्त ते औषध सुरू करण्यापूर्वीच काढून ठेवतात.