‘निकाल लागला’ म्हणजे काय लागले?



पाळी सुटली की नाक्यावर हे वाक्य हमखास कानी पडते : “कोर्टात निकाल लागला!” पण काय लागले, असे विचारा, बोलणारा गप्प! साच्यावर तुटलेला धागा आमचा माणूस डोळे मिटून सांधतो. पण कोर्टाच्या कागदातल्या एका शब्दाने त्याची राहती खोली जाते, आणि ते त्याला बेलिफ दारात आल्यावर कळते. हा दोष त्याचा नव्हे. ज्यांनी कायदा त्याच्या भाषेबाहेर ठेवला, त्यांचा आहे.

तेव्हा शब्द नीट समजून घेऊ. आपण सगळ्याला ‘निकाल’ म्हणतो; 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता मात्र तीन गोष्टी वेगळ्या मानते. न्यायाधीश आपल्या निर्णयाची कारणे सांगतो, तो न्यायनिर्णय. दाव्यातला कोणाचा हक्क ठरला, कोणाचा गेला, हे पक्के करणारा कागद म्हणजे हुकूमनामा. हुकूमनाम्यात न मोडणारा कोर्टाचा निर्णय तो आदेश. दावा चालू असताना मिळणारा मनाई हुकूम हा आदेशच.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. हुकूमनाम्यावर अपील करायचे तर त्याच्या तारखेपासून उच्च न्यायालयात 90 दिवस, खालच्या कोर्टात 30 दिवस. नक्कल मिळायला लागणारे दिवस त्यातून वगळतात. म्हणून नकलेचा अर्ज लगेच टाका! आणि अपील केले म्हणजे हुकूमनामा थांबला, अशा भ्रमात राहू नका. त्याला स्थगिती वेगळी मागावी लागते. तुमच्या गैरहजेरीत झाला तो एकतर्फी हुकूमनामा. तो रद्द करून घ्यायलाही मुदत 30 दिवसांचीच. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. आणि जिंकलात तरी पैसा आपल्या पायांनी घरी येत नाही. हुकूमनामा बजावण्यासाठी दरखास्त द्यावी लागते.

आता सवाल भाषेचा. महाराष्ट्र राज्य झाले 1 मे 1960 रोजी. जिल्ह्या-तालुक्याच्या कोर्टांची भाषा मराठी, असा सरकारी हुकूम निघाला 1998 साली. मध्ये 38 वर्षे गेली! वर उच्च न्यायालयात घटनेच्या 348 व्या कलमाने इंग्रजी बसली आहे. पण त्याच कलमात राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याची भाषा कामकाजात आणण्याची वाटही आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार त्या वाटेने हिंदी घेऊन आत गेले. मग मराठीनेच उंबरठ्यावर का तिष्ठावे?

आम्ही न्यायमूर्तींकडे मेहेरबानी मागत नाही. खोली आमची, घाम आमचा, भविष्य आमचे. ते ज्या कागदावर ठरते, तो आम्हाला वाचता आला पाहिजे. तोवर न समजलेल्या कागदावर अंगठा नाही, सही नाही! आधी विचारा : हा न्यायनिर्णय, हुकूमनामा की आदेश?

जय महाराष्ट्र!