पिंजऱ्यातला श्वास, घरातली हवा

भिवंडी तालुक्यातील दापोडे आणि आसपासची गावे आता गोदामांचा पट्टा म्हणून ओळखली जातात. ट्रकांचा धूर, रस्त्यावरची धूळ, अधूनमधून गोदामांना लागणाऱ्या आगी यांची रहिवाशांना सवय झाली आहे. त्यांच्या गॅलरीतल्या पिंजऱ्यातील बजरीगरला किंवा कॉकाटेलला ती होऊ शकत नाही.

याचे कारण शरीररचनेत आहे. पक्ष्यांना श्वासपटल नसते. फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या भात्यासारख्या काम करतात आणि फुफ्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहती ठेवतात. त्यामुळे प्राणवायू भरपूर मिळतो, तसाच विषारी वायूही झपाट्याने रक्तात उतरतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी ठेवले जात, ते यासाठीच. घरात अगरबत्ती, डासांची कॉइल, फवारे आणि रिकामा तापलेला नॉनस्टिक तवा हे पक्ष्याचे शत्रू. तव्याच्या अशा वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो.

पक्षी आजार लपवतो, म्हणून लक्षणे डोळ्यांत तेल घालून पाहावी लागतात. बसल्या जागी प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी खालीवर होणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, आवाज बदलणे, नाकपुड्या चिकटणे, पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, यांतले एकही दिसले तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. पिंजरा धुरापासून दूर, उबदार व शांत जागी न्यावा. छाती दाबली जाईल असे पक्ष्याला धरू नये; छाती हलली नाही तर त्याचा श्वासच थांबतो. चोचीत बळेच पाणी घालू नये, घरातल्या माणसांच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. तातडीने पशुवैद्यक गाठावा.

प्रश्न केवळ पक्ष्याचा नाही. सिटाकोसिस हा जिवाणूजन्य आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला होतो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला घेऊन आलेला रुग्ण पिंजऱ्याविषयी बोलत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. विचारले, तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने तो बरा होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातच, शहापूरजवळच्या वेहळोलीत कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला होता. त्यामुळे एकाच वेळी अनेक पक्षी मेले, तर ते उघड्या हातांनी उचलून फेकू नयेत. पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

अडचण आहे ती उपचारांची. सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणा उभी राहिली ती गाईगुरांसाठी. पक्ष्यांचे उपचार हवेत म्हणून अनेकांना परळची वाट धरावी लागते, आणि धाप लागलेल्या पक्ष्याकडे तेवढा वेळ नसतो. भिवंडीतल्या एखाद्या दवाखान्यात आठवड्यातून ठरावीक दिवशी पक्ष्यांची तपासणी व प्राणवायूची सोय करणे फार खर्चाचे नाही. पिंजऱ्यातला पक्षी ज्या हवेत गुदमरतो, त्याच हवेत घरातले तान्हे मूल आणि दम्याचे आजोबाही श्वास घेत असतात, एवढे ध्यानात घेतले तरी ही मागणी कुणाला चैनीची वाटणार नाही.