घोरपडीवाचूनचा तानाजी

माघ वद्य नवमीस या पत्रात सिंहगडाच्या मोहिमेविषयी एक छोटेसे स्फुट प्रसिद्ध झाले होते. त्यात तानाजी मालुसरे होते, कडा होता, उदेभान होता. नव्हती ती केवळ घोरपड. या एका अनुपस्थितीने आमचे एक जुने वाचक फार व्यथित झाले आहेत. त्यांनी चार पानी पत्र लिहून आमची चांगलीच कानउघाडणी केली आहे. आज यशवंती काढून घेतलीत, उद्या तानाजीही काढून घ्याल, मग मी नातवाला सांगू तरी काय, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. पत्रातील रागाचा भाग आम्ही सोडून देतो. परंतु हा सवाल एका आजोबांचा नसून आपल्या साऱ्या सुशिक्षित समाजाच्या मनातील आहे, आणि म्हणून त्याचे उत्तर पत्रव्यवहाराच्या सदरात न देता येथेच देणे आम्हांस उचित वाटते.

प्रथम जे निश्चित आहे ते पाहू. १६६५ च्या जून महिन्यात पुरंदरचा तह झाला आणि शिवाजीमहाराजांना तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. त्यांत कोंढाणा होता. १६७० च्या प्रारंभी महाराजांनी गेलेले किल्ले परत घेण्यास आरंभ केला, आणि माघ वद्य नवमी शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, तानाजी मालुसरे व त्यांचे मावळे यांनी हा गड घेतला. तानाजी त्या लढाईत पडले. गडाचा किल्लेदार उदेभान राठोड हाही पडला. येथपर्यंत वादाला जागा नाही.

यापुढचा तपशील आपल्याला मिळतो तो मुख्यतः कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतून. ही बखर जिंजी येथे राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास लिहिली गेली. म्हणजे घटना आणि लेखन यांत अवघे सत्तावीस वर्षांचे अंतर. सभासद सांगतो की निवडक दोघे मावळे वानरासारखे कड्यावरून चढले आणि त्यांच्या मागून बाकीचे वर गेले. लढता लढता तानाजींची ढाल तुटली. दुसरी ढाल समयी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली. तानाजी पडल्यावर त्यांचा भाऊ सूर्याजी याने लोक सावरले. गड हाती आल्यावर घोड्यांच्या पागेची घरे पेटवली, तो उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला आणि गड फत्ते झाल्याचे ओळखले. या साऱ्या वृत्तान्तात घोरपड कोठेही नाही. रायबाचे लग्नही नाही.

ही दोन्ही आली ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये इतिहासप्रसिद्ध पोवाड्यांचा संग्रह छापला, त्यातून हा पोवाडा सुशिक्षितांच्या घरी पोहोचला. खेडोपाडी तो त्याआधीच पोहोचलेला होता. १९०३ साली हरिभाऊ आपट्यांची कादंबरी आली आणि तिच्या नावाने एक वाक्य महाराष्ट्राच्या जिभेवर कायमचे बसले. शाहिराला किंवा कादंबरीकाराला आम्ही दोष देत नाही. डफावर थाप मारून रात्रभर श्रोते खिळवून ठेवणारा माणूस न्यायालयात शपथेवर साक्ष देत नसतो. दोष असलाच तर तो त्याचे कवन उचलून इतिहासाच्या तासाला सांगणाऱ्या आम्हां शिक्षकांचा आहे.

घोरपडीचीच गोष्ट घ्या. पूर्ण वाढलेली घोरपड नाकापासून शेपटीपर्यंत पावणेदोन मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही, आणि वजनाने फार तर सहा-सात किलो भरते. तिच्या कमरेला दोर बांधून शस्त्रधारी माणसाने कडा चढावा, हे गणिताच्या कोणत्या रीतीत बसते? त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ही कथा मूळची सिंहगडाची नव्हेच, असे मानण्यास जागा आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा आपल्या आडनावाची उत्पत्ती सांगते ती हीच: बहामनी काळात, पंधराव्या शतकात, त्यांच्या पूर्वजाने खेळणा किल्ला घेताना घोरपडीचा दोर वापरला. त्या परंपरेची कागदपत्रेही वादातीत नाहीत. पण लोककथा अशाच चालतात. एका गडाची घोरपड दुसऱ्या गडावर चढते, आणि चढली की उतरत नाही. (जाता जाता सांगावेसे वाटते, की १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण दिलेल्या या गरीब प्राण्याची तेलासाठी आणि खुळचट समजुतींपायी आजही शिकार होते. यशवंतीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिच्या भाईबंदांकडे थोडे लक्ष दिले, तर बरे होईल.)

आता त्या सुप्रसिद्ध वाक्याकडे वळू. तानाजी गेल्यामुळे कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे आपण सारे लहानपणी शिकलो. वस्तुस्थिती अशी की १६६३ सालच्या शिवाजीमहाराजांच्या पत्रात हा गड सिंहगड याच नावाने येतो. म्हणजे तानाजी पडण्यापूर्वी सात वर्षे हे नाव रूढ होते. मग महाराज काय म्हणाले? सभासदाने त्यांच्या तोंडी घातलेला उद्गार सिंहाचा नाहीच. तो गडाचा आहे. एक गड मिळवला पण एक गड गमावला, असा त्याचा आशय आहे. सभासद त्या वेळी महाराजांच्या शेजारी उभा राहून टिपण करीत होता असे नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही या दोन वाक्यांची तुलना करून पाहावी. सिंहाची उपमा कोणत्याही शूराला देता येते, आणि आपण ती उठल्यासुटल्या देतोही. पण ज्या राजाचे सारे राज्य गडांवर उभे होते, गड म्हणजेच राज्य असे जो मानीत होता, त्याने आपल्या एका माणसाला गडाच्या पारड्यात तोलावे, ही गोष्ट त्या राजाविषयी आणि त्या माणसाविषयी किती सांगून जाते! आणि नेमके हेच आपण हरवून बसलो, कारण दुसरे वाक्य कानाला अधिक गोड लागले.

उदेभानाचेही तसेच. कथा जसजशी लोकांत पसरली तसतसा हा राजपूत अधिकाधिक राक्षस होत गेला. २०२० साली आलेल्या चित्रपटाने तर त्याच्या हाती एक अजस्र तोफ दिली, आणि ती कोंढाण्यावर चढवून थेट राजगडावर रोखण्याचा बेत रचला. सतराव्या शतकातील तोफांचा पल्ला आणि या दोन गडांमधील अंतर ज्याला ठाऊक आहे त्याने हसावे की रडावे? चित्रपट अफाट चालला, याचे आम्हांस वैषम्य नाही. परंतु समोरचा योद्धा जितका क्षुद्र, तितका त्याला मारणाऱ्याचा पराक्रमही क्षुद्र, एवढा हिशेब सभासदाला कळत होता. त्याने उदेभानाला तानाजींच्या तोडीचा ठेवला, आणि दोघेही एकमेकांच्या वारांनी पडले असे लिहिले.

आमच्या पत्रलेखकांची खरी भीती मात्र निराळी आहे, आणि ती अगदीच अनाठायी नाही. एक खोटे उघडे पडले की सारेच खोटे म्हणणारा एक वर्ग आपल्यात आहे. घोरपड नव्हती म्हणजे कडाही नव्हता, कडा नव्हता म्हणजे पराक्रमही नव्हता, अशी त्याची उतरंड असते. हा वर्ग स्वतःस चिकित्सक म्हणवतो; आमच्या मते तो केवळ आळशी आहे. पुरावा तोलण्याचे कष्ट भाबड्यालाही नकोत आणि यालाही नकोत.

हे कष्ट आपल्याला जमत नाहीत असे मात्र नाही. शिवजन्माची तिथी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. बखरींच्या आधारे १६२७ हे जन्मवर्ष पिढ्यान्‌पिढ्या मानले जात होते. लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली आणि १९१६ साली ती छापली गेली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी निघाली. वादाचा धुरळा कित्येक दशके उडत राहिला. अखेर एकविसाव्या शतकाच्या आरंभी राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. जन्मतारीख तीन वर्षे पुढे सरकल्याने महाराज तसूभरही लहान झाले नाहीत. याच महाराष्ट्रात राजवाड्यांनी गावोगाव हिंडून वाण्यांच्या दुकानांतून आणि वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे गोळा केली, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आणि याच महाराष्ट्रात २००४ च्या जानेवारीत एका पुस्तकाच्या रागापोटी जमाव भांडारकर संस्थेत शिरला आणि त्याने ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस केली. ज्या कागदांवाचून महाराजांविषयी एक ओळ खात्रीने लिहिता येत नाही, तसले कागद महाराजांच्या नावाने पायदळी गेले. आज कोणी अभ्यासक एखाद्या कथेविषयी चार शब्द बोलण्यापूर्वी दाराला कडी आहे ना हे पाहतो, याची लाज त्याला नव्हे, आपल्याला वाटली पाहिजे.

आमच्या स्वतःच्या पदरीही थोडी लाज आहे. पत्रकारितेत येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शिक्षकी केली. सिंहगडाचा धडा रंगात येऊन शिकवीत असता मागच्या बाकावरील एका मुलाने उभे राहून विचारले, "गुरुजी, घोरपडीला निसटावेसे वाटले असते तर?" वर्ग हसला. आम्ही त्या मुलाला खाली बसविले आणि पुढे गेलो. त्या वर्षी त्या वर्गात इतिहासाचा खरा प्रश्न विचारणारा तो एकटाच होता. त्याने पुन्हा कधी काही विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

तेव्हा पत्रलेखक आजोबांना आमची विनंती एवढीच आहे. सुट्टीच्या दिवशी नातवाला घेऊन सिंहगडावर जावे. तानाजींच्या समाधीला नमस्कार करून मग ज्याला आज तानाजी कडा म्हणतात तेथे त्याला घेऊन जावे, आणि त्याचा हात घट्ट धरून खाली पाहू द्यावे. त्याला सांगावे की माघ वद्य नवमीला मध्यरात्र उलटेपर्यंत चंद्र उगवत नाही. अशा काळोखात दोन माणसे खालून हातापायांच्या बोटांनी कपारी चाचपीत वर आली. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या मागून तानाजी वर आले. नातू घोरपडीविषयी विचारील. तेव्हा पोवाडाही त्याला जरूर म्हणून दाखवावा, आणि तो पोवाडा आहे हेही सांगावे.