क्रमवारीच्या यादीत धान पिकत नाही

अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना महाराष्ट्र शासन २००३ पासून चालवीत आहे. दरवर्षी ७५ विद्यार्थी तिचा लाभ घेतात. हे शासनाचे उपकार नव्हेत, तो चळवळीने मिळविलेला हक्क आहे, आणि ही संख्या वाढलीच पाहिजे. परंतु या योजनेच्या पोटात एक अट दडलेली आहे. विद्यार्थ्याने ज्या विद्यापीठात प्रवेश घ्यावयाचा, ते 'क्यूएस' नावाच्या जागतिक क्रमवारीत वरच्या क्रमांकांत असले पाहिजे. ही क्रमवारी लंडनमधील एक खाजगी कंपनी तयार करते. म्हणजे नागभीडच्या मुलाने कोठे शिकावे, याचा निर्णय मुंबईतदेखील होत नाही. तो लंडनमध्ये होतो!

नागभीड हा धानाचा तालुका. मामा तलाव, बोड्या आणि बांध्या यांवर येथील माणसाचे वर्ष तोलले जाते. रोवणीच्या पंधरवड्यात पावसाने डोळे वटारले की परे पिवळे पडतात. पाऊस आला तर मागून गादमाशी आणि तुडतुडे येतात. आणि जंगलाला लागून शेत असल्यामुळे रानडुक्कर व वाघ यांचे भय बारमाही. हे सारे उष्ण कटिबंधातील शेतीचे प्रश्न आहेत. थंड देशांतील विद्यापीठांची थोरवी मान्य करूनही विचारले पाहिजे की, या प्रश्नांशी त्यांचा रोजचा संबंध किती?

ज्या देशांत हा संबंध रोजचा आहे, तेथे शिक्षणाची सोय नाही असे नव्हे. फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथे १९६० पासून आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी आहे आणि शेजारच्या विद्यापीठात नाव नोंदवून तेथे संशोधन करता येते. कोस्टा रिकातील ग्वासिमो येथे तर दमट उष्ण कटिबंधातील शेतीसाठीच १९९० पासून एक विद्यापीठ चालू आहे. तेथे वर्गाइतकेच शेत महत्त्वाचे. लॅटिन अमेरिका व आफ्रिकेतील शेतकऱ्यांची मुले शिष्यवृत्तीवर तेथे येतात, चार वर्षे चिखलात राबतात आणि तोट्यानफ्याचा हिशेब स्वतः मांडतात. आपल्या मुलाला तेथे स्पॅनिश शिकावी लागेल, घरची आठवण छळेल, हे खरे. पण सकाळच्या ताटात त्याला भात आणि काळ्या शेंगांचे दाणे मिळतील, आणि ज्या देशाने १९४८ साली आपले सैन्यच मोडीत काढले, तो देश त्याला पाहावयास मिळेल. याच लिमोन प्रांतात १९३४ साली केळीच्या मळ्यांतील मजुरांनी बलाढ्य अमेरिकन कंपनीविरुद्ध संप केला होता. शेतीचे अर्थशास्त्र शिकण्यास यापेक्षा चांगली पाठशाळा कोणती? पण क्रमवारीच्या वरच्या रांगेत या विद्यापीठाचे नाव नाही. म्हणून शासनाच्या लेखी ते अस्तित्वातच नाही.

विदर्भाला हे नवे नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतीच्या ओढीने अमेरिकेत गेले, मोलमजुरी करीत तेथे कृषिशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले आणि अखेर १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. पण त्यांचे खरे मोठेपण हे की, भूमिहीनांना जमीन मिळत असलेल्या त्या काळात त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. विद्या बांधावर नेली. कोणत्या क्रमवारीने त्यांना तेथे धाडले होते?

आणि दुसरे उदाहरण तर नागभीड तालुक्यातीलच आहे. नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे शालेय शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निवडल्या, वर्षानुवर्षे जपल्या, आणि त्यातून 'एचएमटी' हे धानाचे वाण जन्मले. देशभर ते पिकले. दादाजींना २००५ साली राष्ट्रीय सन्मान मिळाला. श्रेयासाठी मात्र त्यांना झगडावे लागले आणि ३ जून २०१८ रोजी ते विपन्नावस्थेतच गेले. त्यांच्याजवळ दृष्टी होती. तिला प्रयोगशाळेची, कायद्याची आणि संस्थेची जोड देणारा शिकलेला साथी त्यांच्या गावात नव्हता. आपल्या शिष्यवृत्तीने असा साथी घडवावयास हवा होता.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. 'दलितांच्या व आदिवासींच्या मुलांनी शेतीच शिकावी आणि ऑक्सफर्ड इतरांसाठी सोडावे, असे तुमचे म्हणणे काय?' मुळीच नाही. ऑक्सफर्डचे दार बंद करा असे कोणी सुचविले तर आम्ही त्याच्याशी लढू. आमची मागणी दुसरे दार उघडण्याची आहे. निवड विद्यार्थ्याने करावी, क्रमवारीने नव्हे.

परंतु दार उघडून भागणार नाही. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ साली आंबेडकरांना कोलंबियाला पाठविले ते परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. करार पाळण्यास ते १९१७ साली बडोद्यास गेले, तेव्हा त्यांना राहावयास घर मिळाले नाही. परतणाऱ्यासाठी सन्मानाची जागा नसेल तर करार हा केवळ कागद ठरतो. म्हणून सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात, गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात आणि वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांत या मुलांसाठी पदे आधीच राखून ठेवली पाहिजेत.

आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या काळात तीन मागण्या गावोगाव न्याव्यात. शेती, वने व पाणी या विषयांसाठी क्रमवारीची अट रद्द करा. उष्ण कटिबंधातील संस्थांची यादी तज्ज्ञ आणि शेतकरी यांच्या समितीने तयार करावी. आणि परतणाऱ्या प्रत्येकासाठी जागेची हमी द्या. ग्रामसभांनी तसे ठराव करून शासनाकडे पाठवावेत. लंडनच्या यादीत नागभीडचे नाव कधी येणार नाही. ते येण्याची वाट पाहणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. यादी बदलणे हे आहे.