बाबासाहेबांच्या वाटेने लंडन

आपल्या समाजातली मुले-मुली आता शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिकायला जातात. निघताना आई-वडिलांनी त्यांना एवढे सांगावे : बाळा, एक दिवस मोकळा ठेव आणि पायी हिंड.

थेम्स नदीवरच्या वॉटर्लू पुलावरून उत्तरेकडे निघावे. दहा-बारा मिनिटांत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स लागते. इथल्याच अभ्यासावर 1923 साली बाबासाहेबांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. पुढे होबर्नला ग्रेज इन आहे. तिथून ते बॅरिस्टर झाले. मग पश्चिमेला वळले की ब्रिटिश म्युझियम. तिथल्या वाचनालयात ते तासन्‌तास वाचत बसत. म्युझियम पाहायला आजही तिकीट लागत नाही.

शेवटचा टप्पा तासाभराच्या चालीचा. 10, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब 1921-22 साली राहत होते. 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन स्मारक केले. पण शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि 2018 साली तिथल्या कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली. अपील झाले, चौकशी झाली, तेव्हा कुठे मार्च 2020 मध्ये मंजुरी आली.

विहाराच्या जागेसाठी कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे घर ध्यानात ठेवावे. अर्ज फेटाळला म्हणून घरी बसू नये. नकार लेखी घ्यावा, कागद जपावेत आणि अपिलाची मुदत चुकवू नये.

जय भीम!