गन लावा, पण आधी वॉलेट भरा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू या तिन्ही रस्त्यांवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ करायचं राज्य सरकारने २०२५ च्या ईव्ही धोरणात ठरवलं. चांगलं केलं. पण टोलनाक्यावर वाचलेले पैसे पुढच्या फूड मॉलमधल्या चार्जरपाशी अडकतात, ही तक्रार ईव्हीवाल्यांच्या कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येते. वीज तिथे महाग आहे, त्याकडे वळतोच. पण आधी वॉलेटबद्दल.

ज्यांनी हा प्रकार अजून केलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पट्टे मारलेल्या जागेत कुणी डिझेलची गाडी लावून जेवायला गेलेलं नसेल, तर आपली गाडी तिथे लावायची. चार्जर कोणत्या कंपनीचा ते बघायचं. तिचं ॲप फोनमध्ये नसेल तर डाउनलोड करायचं. मोबाइल नंबर, ओटीपी, गाडीचं मॉडेल, सगळं भरायचं. मग ॲप म्हणतं, वॉलेटमध्ये पैसे टाका. तुम्हाला दोनशेची वीज हवी असली तरी टाकायची किमान रक्कम ॲप ठरवणार. पैसे टाकले की क्यूआर कोड स्कॅन करायचा, जाड केबलची जड गन सॉकेटमध्ये ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबायची आणि स्क्रीनकडे बघत उभं राहायचं. बऱ्याचदा चार्जिंग सुरू होतं. कधी मिनिटभराने एरर येतो, आणि मग बाजूला खुर्ची टाकून बसलेला वॉचमन उठून येतो. “दादा, दोन नंबरची लावा. एकची सकाळपासून नाटकं करतीये.” ॲपमध्ये दोन्ही गन हिरव्यागार दिसत असतात. खरी माहिती असलेला तो एकटाच, आणि तो पगार घेतो हॉटेलचा, चार्जिंगवाल्या कंपनीचा नाही.

बंद पडलेल्या चार्जिंगचे पैसे परत येतात. वॉलेटमध्ये! तुमच्या बँक खात्यात ते आणायचे तर ईमेल, तक्रार क्रमांक, ‘पाच ते सात कामकाजाचे दिवस’ आणि पुन्हा ईमेल.

गाडी आणि चार्जर यांचं या देशात केव्हाच जमलं आहे. आज नव्याने विकल्या जाणाऱ्या बहुतेक सगळ्या इलेक्ट्रिक मोटारींना जलद चार्जिंगसाठी सीसीएस-२ हे एकच सॉकेट असतं. गाडी टाटाची असो, महिंद्राची की एमजीची, गन तीच लागते. जमलेलं नाही ते पैशांचं. टाटा पॉवर, चार्जझोन, स्टॅटिक, जिओ-बीपी, सरकारी तेल कंपन्या, आपल्या महावितरणचं पॉवरअप, प्रत्येकाचा दरवाजा वेगळा. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्याच्या फोनमध्ये चार-पाच ॲप सहज असतात आणि त्यातल्या दोन-तीनमध्ये शंभर-दीडशे रुपये पडून असतात. पाच वाण्यांकडे अनामत ठेवून किलोभर साखर आणावी, तसा हा व्यवहार.

ही रक्कम किरकोळ समजू नका. ज्या वॉलेटमधून फक्त त्याच कंपनीची सेवा घेता येते, त्याला रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ‘क्लोज्ड सिस्टीम’ म्हणतात. असं वॉलेट काढायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि त्यातून रोख काढायची सोयही नसते. थोडक्यात, तुम्ही कंपनीला बिनव्याजी उसने पैसे दिलेत आणि त्यावर बँकेसारखी देखरेख कुणाचीच नाही. हजारो गाड्यांच्या दीडशे-दीडशे रुपयांची बेरीज वाचकांनी स्वतः करून पाहावी.

कंपन्यांचं यावर ठरलेलं उत्तर असतं. किती युनिट भरणार हे आधी कळत नाही. गाडी भरून माणूस निघून गेला तर काय करायचं? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर शेअर बाजारात २०१९ पासून वापरात आहे. आयपीओला यूपीआयने अर्ज केला की पैसे आपल्याच खात्यात राखून ठेवले जातात. शेअर मिळाले तरच कापले जातात, नाही मिळाले तर मोकळे होतात. रक्कम राखून ठेवून त्यातून लागेल तशी कापण्याची सोय यूपीआयमध्ये आणायची घोषणा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ मध्ये केली. म्हणजे पाचशे राखा, तीनशे चाळीसची वीज भरा, उरलेले तिथल्या तिथे सुटतील. वॉलेट हवंच कशाला? फास्टॅगचा अनुभवही समोर आहे. टोलनाके वेगवेगळ्या कंत्राटदारांचे, टॅग कोणत्याही बँकेचा, तरी काच खाली न करता गाडी पुढे जाते. फास्टॅगची घाईघाईने केलेली सक्ती या स्तंभाला पटली नव्हती, पण प्रत्येक नाक्याचं वेगळं वॉलेट काढायला कुणी सांगितलं नाही, हे मान्य करावं लागेल.

आता बिलाकडे येऊ. समजा दर युनिटला २० रुपये आहे आणि तुम्ही २५ युनिट घेतलेत. पाचशे झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९० रुपये. हातात बिल ५९० चं. घरच्या मीटरवर हीच वीज घेतली तर १६ टक्के वीज शुल्क लागतं, पण जीएसटी लागत नाही, कारण विजेवर जीएसटी नाही. मग चार्जरवर कुठून आला? केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केलं की चार्जिंग म्हणजे वीजविक्री नसून सेवा आहे. तेव्हा ते सोयीचंच होतं, कारण त्यामुळे चार्जिंग स्टेशन काढायला वीज परवाना लागेनासा झाला. पण सेवा म्हटलं की सेवेचा कर आला. कर्नाटकातल्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०२३ मध्ये तसा निर्वाळाही दिला. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के, चार्जरच्या यंत्रावर ५ टक्के आणि ती गाडी त्या यंत्राला जोडली की १८ टक्के!

हा कर भरतं कोण, तेही पाहा. बंगल्याच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवलेला माणूस रात्री घरी प्लग लावतो. त्याला फास्ट चार्जरची गरज वर्षातून चार वेळा, गोव्याला किंवा गावी जाताना. दादर-गिरगावच्या चाळीत राहणारा, सोसायटीने चार्जरला नाही म्हटलेला, भाडेकरू आणि टॅक्सीवाला या सगळ्यांना मात्र रोज बाहेरच भरावं लागतं. साधा हिशोब करू. युनिटला साडेसहा किलोमीटर धरले, तर वरच्या बिलात किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या थोडं वर पडतात. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीच्या जवळपास निम्मे, हे खरं. पण किलोला पंचवीस किलोमीटर जाणाऱ्या सीएनजी टॅक्सीलाही, गॅस ८५ रुपये किलो धरला, तर साधारण तेवढेच पडतात, आणि तिला चार्जरपाशी पाऊण तास थांबावं लागत नाही. विमानतळाच्या रांगेतला टॅक्सीवाला इलेक्ट्रिक गाडी घ्यायला का कचरतो, यावर आणखी परिसंवाद नकोत. त्याला कागद-पेन्सिल द्या.

त्यात वेळेचं गणित वेगळंच. चार्जरवर ६० किलोवॉट लिहिलेलं असतं, पण दोन्ही गनांना गाड्या लागल्या की बऱ्याच यंत्रांत ती ताकद वाटली जाते. तुमच्या शेजारी गाडी येऊन लागली की तुमचा वेग निम्म्यावर. आणि बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की गाडी स्वतःच वीज कमी घेते. म्हणून रांग असताना शंभर टक्के करत बसणाऱ्यांना हात जोडून विनंती, उठा. गाडी भरून झाल्यावरही तशीच ठेवणाऱ्यांकडून काही कंपन्या मिनिटाप्रमाणे दंड घेतात. मला तो योग्यच वाटतो.

दराची पाटी मात्र कुठे दिसत नाही. पेट्रोल पंपावर आजचा भाव रस्त्यावरून वाचता येतो. माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापाने तपासून मागायचा ग्राहकाला हक्क आहे. चार्जरचा दर ॲप उघडल्यावर कळतो आणि तो जीएसटी धरून की सोडून, हे पुढच्या स्क्रीनवर. सप्टेंबर २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सकाळी ९ ते दुपारी ४ या सूर्यप्रकाशाच्या वेळेत चार्जिंग स्टेशनला स्वस्त वीज द्यावी असं म्हटलं आहे. दुपारी दोनला आणि रात्री दहाला तुम्हाला एकच दर दिसत असेल, तर ती सवलत कुणाच्या खिशात गेली हे विचारायला हवं.

बाहेर हे प्रश्न सुटलेत. ब्रिटनने २०२३ च्या नियमांत ५० किलोवॉट आणि त्यावरच्या सार्वजनिक चार्जरना कार्ड टेकवून पैसे घेण्याची सोय बंधनकारक केली; जलद चार्जरचं जाळं वर्षभरात सरासरी ९९ टक्के वेळ चालू असलं पाहिजे, अशीही अट घातली. युरोपीय संघात १३ एप्रिल २०२४ नंतर बसणाऱ्या अशा चार्जरवर कार्ड चाललंच पाहिजे. आपल्याकडे तर कार्डाचीही गरज नाही. भाजीवालीच्या गाडीवर लावलेला क्यूआर पुरे.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग स्टेशनसाठी २,००० कोटी रुपये ठेवले आहेत आणि सगळ्या कंपन्यांना जोडणारं एक ॲप बनवायचं काम भेल या सरकारी कंपनीकडे दिलं आहे. ॲप येऊ दे. पण फोनमधलं सहावं ॲप म्हणून ते येणार असेल, तर त्याचा उपयोग काय? अनुदान घेणाऱ्या प्रत्येक चार्जरवर कुठल्याही यूपीआय ॲपने थेट पैसे देता आले पाहिजेत, कर धरून दर मोठ्या अक्षरात लिहिलेला असला पाहिजे आणि चार्जिंग फसलं तर पैसे त्याच दिवशी खात्यात आले पाहिजेत. या अटी टेंडरमध्ये घालायला नवा कायदा लागत नाही. टोल माफ करणाऱ्या राज्य सरकारलाही, एमएसआरडीसीच्या जागेवर चार्जर बसवू देताना, हे करारात लिहून घेता येईल. जीएसटीचं काम दिल्लीतल्या परिषदेत व्हायचं आहे. तिथे राज्याचे मंत्री बसतातच.

तोवर वाचकांनी एक करावं. फोनमधली चार्जिंगची सगळी ॲप आज एकदा उघडून प्रत्येकात किती पैसे पडलेत ते लिहून काढा आणि जी वापरत नाही त्यातले लेखी मागणी करून परत मागा. चार्जिंग फसलं की स्क्रीनचा फोटो ठेवा. कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तक्रार मराठीतही घेतात.