पाहुणा निघालाय एटापल्लीला

एटापल्लीला बदली झालेल्या मास्तरांचे, नर्सताईंचे किंवा वनरक्षकाचे घर एकदाचे लागले, की पुण्या-नागपूरच्या दोस्तांचा फोन येतोच: ‘यायचं म्हणतोय रे, पण तिकडं सगळं ठीक ना?’ मंडळींना वाघाचे एवढे भय नसते, जेवढे मोबाइलला रेंज नसण्याचे असते. मग रस्ता समजवावा लागतो. गडचिरोली जिल्ह्याचे जुने रेल्वे स्थानक वडसा, तेही पार उत्तरेला. म्हणून बल्लारपूरला उतरून आष्टी, आलापल्ली करत जंगलातून यायचे. यजमान हे सांगताना उगाच ओशाळतात. खरे तर इथे पाहुणे याहून बिकट दिवसांतही आलेत. शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकशाला डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. तिथे आदिवासींवर उपचार करणारे डॉक्टर दांपत्य प्रकाश आणि मंदाकिनी आमटे झोपडीत राहत, वीज नव्हती, पावसाळ्यात नाले चढले की वाट बंद. तरी पाहुणे येत. विलास मनोहर तर पाहुणे म्हणून आले ते राहूनच गेले, आणि पुढे तिथल्या वन्यप्राण्यांच्या सहवासावर त्यांनी ‘नेगल’ हे पुस्तक लिहिले. तेव्हा नव्या घरी मित्रांना खुशाल बोलवावे, फक्त पावसाळ्यात नको. मोहाची फुले गळतात त्या मार्च-एप्रिलमध्ये बोलवावे, पहाटे टोपल्या घेऊन निघालेल्या बायांमागे जंगलात न्यावे. नागपूरहून पनीर मागवून पाहुणचार करणे हा शुद्ध वेडेपणा आहे. ताटात भात, रानभाजी आणि तांबड्या मुंग्यांची चटणी वाढावी. पाहुण्यांनीही मिठाईचा पुडा घरीच ठेवून चांगली टॉर्च आणावी.